अमोनियाचा हरवलेला हिशेब

मध्य रेल्वेची गाडी विक्रोळीहून निघाली म्हणजे पुढचें स्टेशन कांजूरमार्ग. पश्चिमेस पवईच्या टेंकड्या आणि १९५८ सालीं स्थापन झालेली तंत्रविज्ञान संस्था; पूर्वेस द्रुतगति मार्ग ओलांडला कीं मिठागरें, तिवरांचीं रानें आणि त्यांच्या पलीकडे ठाण्याची खाडी. याच खाडीच्या कांठीं मुंबईच्या घराघरांतून निघालेल्या केरकचऱ्याचा फार मोठा भाग कित्येक वर्षें येऊन पडत आहे. वाऱ्याची दिशा फिरली म्हणजे कांजूर, भांडुप आणि विक्रोळी येथील बिऱ्हाडांतून खिडक्या लावून घेतल्या जातात. ही जागा मुळांत कोणाची, कचऱ्याची कीं तिवरांची, हा वाद न्यायालयांत गेला. २०२५ च्या मे महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें ती संरक्षित वनाची ठरविली, आणि ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयास स्थगिति दिली. वादाचा निकाल कांहींहि लागो. ढिगाच्या पोटांत जें चाललें आहे तें कोणत्याहि स्थगितीनें थांबणारें नाहीं.

तेथें भाताचीं शितें, डाळ, भाजीचे देंठ, मासळीचे कांटे हें सारें वाऱ्यावांचून कुजत असतें. कुजणाऱ्या पदार्थांतील कर्ब ज्वालाग्राही वायूच्या रूपानें निसटून जातो. नत्राला मात्र ती वाट मोकळी नसते. त्याचा अमोनिया होतो, आणि हा अमोनिया ढिगांतून पाझरणाऱ्या काळ्या पाण्यांत विरघळून राहतो. तान्ह्या मुलाच्या ओल्या लंगोटाला किंवा म्हशींच्या गोठ्याला जो झोंबरा दर्प येतो तो याचाच. जुन्या ढिगांच्या पाझरांत दर लिटरला अमोनियाचा नत्र शेंकडों, पुष्कळदां हजारांहून अधिक, मिलिग्रॅम असतो. कांजूरच्या ढिगाला बायो-रिअॅक्टर पद्धतीचा म्हणतात. या पद्धतींत कुजणें लौकर व्हावें म्हणून पाझरलेलें पाणीच पुन्हां ढिगावर सोडतात. कुजणें लौकर होतें, वायूहि लौकर मिळतो. परंतु अमोनिया त्या फेऱ्यांत घटत नाहीं, सांठतच जातो. असें पाणी खाडींत उतरलें तर माशांच्या कल्ल्यांना तें विष आहे. आणि ही खाडी म्हणजे केवळ गटाराचा शेवट नव्हे. तिच्या पश्चिम कांठाला २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य जाहीर झालें आणि २०२२ सालीं रामसर यादींत तिची नोंद झाली.

हा नत्र आला कोठून, हें पाहूं गेलें तर दृष्टि त्याच खाडीच्या मुखाकडे वळते. ट्रॉम्बे येथें १९६५ सालीं खताचा कारखाना सुरू झाला. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या नांवानें तो आज ओळखला जातो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शोधून काढलेल्या युक्तीनें अशा कारखान्यांत हवेंतील नत्रवायु पकडून त्याचा अमोनिया करतात. अमोनियाचा युरिया होतो. युरिया शेतांत जातो. शेतांतून धान्य बाजारांत, बाजारांतून स्वयंपाकघरांत, आणि तेथून मोरींत किंवा केराच्या डब्यांत. हवेंतून उसनें आणलेलें हें धन हवेला परत कसें करावयाचें, हाच मैलापाण्याच्या शास्त्रांतील सर्वांत खर्चाचा प्रश्न आहे.

परतफेडीची एक वाट एकोणिसाव्या शतकांतच कळली होती. १८७७ सालीं श्लोझिंग आणि म्यून्त्स या दोघां फ्रेंच रसायनज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या लांब नळींतून मैलापाणी हळूहळू सोडून पाहिलें. वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. मग नळीच्या तळाशीं येणाऱ्या पाण्यांत अमोनियाच्या जागीं नायट्रेट, म्हणजे सोऱ्यांतील अंश, दिसूं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें थांबलें. थोड्या मातीचें धुवण ओततांच पुन्हां सुरू झालें. क्लोरोफॉर्मनें जें थांबतें तें सजीवाचेंच काम असलें पाहिजे. १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानें झ्यूरिच येथें हे जंतु वेगळे करून दाखविले. ते अमोनियावर जगतात, परंतु त्यांना श्वासास प्राणवायु लागतो. त्याच सुमारास गेयों आणि द्युपेती यांनीं दुसऱ्या जातीचे जंतु वर्णिले. ते प्राणवायु नसतांना नायट्रेटच श्वासास वापरतात आणि नत्रवायु सोडतात, पण त्यांना खाण्यास कर्बयुक्त अन्न लागतें. झालें! प्रथम अमोनियाला भरपूर हवा द्यावयाची, मग त्या नायट्रेटला हवा तोडून अन्न द्यावयाचें, अशी दोन पायऱ्यांची वाट ठरली. जगांतील मैलापाण्याचीं केंद्रें शंभर वर्षें याच वाटेनें चाललीं. एक किलो अमोनिया-नत्राचें नायट्रेट करण्यास साडेचार किलोंहून अधिक प्राणवायु पाण्यांत कोंबावा लागतो, आणि तो कोंबणाऱ्या पंख्यांचें विजेचें बिल नगरपालिकांना भरावें लागतें.

हवेवांचून काम करणाऱ्या जंतूंची ओळख मुंबईलाहि लौकरच झाली होती. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत एकोणिसावें शतक संपतां संपतां बंद हौदांत मैला कुजवून निघालेला वायु जाळण्याच्या उपयोगीं आणला गेला. कांहीं इंग्रजी ग्रंथांत या घटनेचें साल १८५९ असें छापलेलें सांपडतें आणि एकानें दुसऱ्याचें उतरून घेतल्यानें तें टिकूनहि राहिलें आहे. परंतु आश्रमच १८९० सालचा, तेव्हां त्या सालावर विश्वास ठेवण्याचें कारण नाहीं. अशा हौदांतून वायु मिळे, मैला निवळे. पण बाहेर पडणाऱ्या पाण्यांत अमोनिया जसाचा तसा असे. प्राणवायूवांचून अमोनियाचें कांहीं होत नाहीं, हा सिद्धांत अशा नित्याच्या अनुभवानेंच पक्का केला होता.

त्याला पहिली चीर समुद्रांत पडली. १९३३-३४ सालीं ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजावरून, कर्नल सीमोर सेवेल यांच्या नेतृत्वाखालीं, अरबी समुद्राची पाहणी झाली. सेवेल हे त्यापूर्वीं हिंदुस्थानच्या प्राणिशास्त्रीय पाहणी खात्याचे संचालक होते. या समुद्रांत मधल्या खोलीवर शेंकडों मीटर जाडीचा थर असा आहे कीं तेथें प्राणवायु जवळजवळ नाहींच. आतां अशा थरांत वरून मेलेल्या सूक्ष्म जीवांचा पाऊस सतत पडत असतो. नायट्रेटवर जगणारे जंतु त्यांतील कर्ब खातात, आणि त्यांतला नत्र अमोनियाच्या रूपानें उरला पाहिजे. १९६५ सालीं फ्रान्सिस रिचर्ड्स या अमेरिकन सागरशास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें कीं प्राणवायुहीन पाण्यांत हा अमोनिया अपेक्षेइतका सांपडत नाहीं. तो कोठें तरी जातो. हवा नाहीं, म्हणून जाऊं शकत नाहीं, आणि तरी जातो! सागरशास्त्रांत ही विसंगति नोंदली गेली आणि पुष्कळ वर्षें तशीच पडून राहिली.

१९७७ सालीं व्हिएन्नाच्या एंगेलबर्ट ब्रोडा यांनीं निव्वळ कागदावर एक हिशेब मांडला. अमोनिया आणि नायट्राइट यांचा संयोग होऊन नत्रवायु झाला तर त्यांतून शक्ति मोकळी होते; जेथें शक्ति मोकळी होते तेथें तिच्यावर जगणारा कोणी ना कोणी जीव निपजतो; तेव्हां असा जंतु असला पाहिजे. निसर्गांतून हरवलेल्या दोन प्रकारच्या जंतूंविषयीं लिहिलेला हा लहानसा निबंध त्या काळीं कोणी फारसा मनावर घेतला नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं न दिसलेल्या प्राण्याचें टिपण लिहिणाऱ्या रसायनज्ञाकडे जीवशास्त्रज्ञ सहसा कानाडोळाच करतात.

हरवलेला जंतु सांपडला तो समुद्रांत नव्हे, हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या एका यीस्टच्या कारखान्याच्या सांडपाण्यांत. या कारखान्याला मोठी परंपरा आहे. सूक्ष्मजंतुशास्त्राचे एक आद्य पुरुष बायरिंक हे १८८५ पासून दहा वर्षें तेथें नोकरीस होते, आणि १८९५ सालीं तेथूनच डेल्फ्टच्या तंत्रविद्यालयांत प्राध्यापक म्हणून गेले. पुढें गिस्ट-ब्रोकेडिस या नांवानें चाललेल्या याच कारखान्यांत १९८० च्या दशकांत आर्नोल्ड मुल्डर नांवाचे अभियंते सांडपाण्याच्या एका प्रायोगिक टांकीवर देखरेख करीत होते. टांकींत हवा नव्हती. नायट्रेटचा नत्रवायु करणें एवढेंच तिचें काम. मुल्डर यांनीं आंत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याचा जमाखर्च ठेवला होता. त्या जमाखर्चांत आंत गेलेला अमोनिया बाहेर निघेना. ज्या मानानें अमोनिया घटला त्या मानानें नायट्रेटहि अधिक खर्च झालें आणि नत्रवायूचे बुडबुडे अधिक आले. एखाद्या कारकुनानें अशी तफावत मापांच्या चुकीवर ढकलून वही मिटली असती. मुल्डर यांनीं ती मिटली नाहीं, हाच या इतिहासांतील खरा मोलाचा क्षण.

डेल्फ्टच्याच विद्यापीठांत, बायरिंक यांच्या परंपरेंतील प्रयोगशाळेंत, गेस क्युनेन आणि त्यांचे विद्यार्थी व्हान डे ग्राफ यांनीं हें कोडें हातीं घेतलें. प्रथम, हें रसायन आहे कीं जीव? टांकींतला गाळ तापवून पाहिला, किरणांनीं मारून पाहिला, जंतुनाशकें घालून पाहिलीं. प्रत्येक वेळीं अमोनियाचें नाहींसें होणें थांबलें. श्लोझिंग आणि म्यून्त्स यांच्या क्लोरोफॉर्मचीच ही नवी आवृत्ति. मग, नत्रवायु कोणाचा? नत्रवायूच्या प्रत्येक कणांत नत्राचे दोन परमाणु असतात. साध्या परमाणूचें वजन १४, दुर्मिळ जड परमाणूचें १५. अमोनियांत जड नत्र घातला आणि नायट्रेटांत साधा ठेवला. दोन्ही परमाणु नायट्रेटचेच असते तर वायूच्या कणाचें वजन २८ भरलें असतें. दोन्ही अमोनियाचे असते तर ३०. प्रत्यक्षांत जवळजवळ सगळा वायु २९ वजनाचा निघाला. एक परमाणु अमोनियाचा, एक नायट्रेटकडून नायट्राइट होऊन आलेला: ब्रोडा यांनीं कागदावर लावलेली सोयरीक टांकींत खरोखरच लागली होती. हीं संशोधनें १९९५ सालीं प्रसिद्ध झालीं.

तरी जंतु कोण, हें कळावयाचें होतेंच. तो कोणत्याहि बशींत एकटा वाढेना, आणि वाढतो तोहि फार संथ. दह्याचें विरजण एका रात्रींत लागतें, कारण त्यांतले जंतु तासाभरांत दुप्पट होऊं शकतात; या जंतूला दुप्पट होण्यास त्या प्रयोगांत सुमारें अकरा दिवस लागत. मार्क स्ट्राउस, माइक येटन आणि त्यांचे सहकारी यांनीं महिनोन्महिने गाळ राखून, शेवटीं तो अति वेगानें फिरवून घनतेप्रमाणें वेगळा केला. दोनशें ते आठशें पेशींमागें परका जंतु एकच, इतका तो निवडला गेला. १९९९ सालीं ‘नेचर’ या साप्ताहिकांत त्याची ओळख जगाला झाली, आणि ज्या कारखान्यांत तो सांपडला त्याच्या नांवावरून त्याच्या वंशाला ‘ब्रोकेडिया’ म्हणूं लागले. नुसता एकटा वाढवितां येत नसल्यानें शास्त्राच्या रीतीप्रमाणें त्याच्या नांवामागें अद्याप ‘उमेदवार’ या अर्थाचा लॅटिन शब्द लावतात.

या उमेदवाराचें शरीरहि चमत्कारिक आहे. त्याच्या पेशींत एक वेगळी कोठडी असून अमोनिया व नायट्राइट यांचें लग्न त्या कोठडींत लागतें. मध्यें हायड्राझिन हा पदार्थ तयार होतो, तोच जो अग्निबाणांत इंधन म्हणून वापरतात. इतका जहाल पदार्थ सांभाळावयाचा तर भिंतीहि घट्ट पाहिजेत. २००२ सालीं डच शास्त्रज्ञांना आढळलें कीं या कोठडीच्या भिंतींतील स्निग्ध रेणु शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें जोडलेल्या चौकोनांचे आहेत. असे रेणु तोंवर दुसऱ्या कोणत्याहि सजीवांत पाहण्यांत आले नव्हते. या शिडीचा पुढें मोठा उपयोग झाला. समुद्राच्या पाण्यांत किंवा तळाच्या चिखलांत ती सांपडली म्हणजे हा जंतु तेथें आहे अशी खूण पटूं लागली. २००३ सालीं काळ्या समुद्रांत ती सांपडली आणि रिचर्ड्स यांची जुनी नोंद उकलली.

साहजिकच मग साऱ्यांचें लक्ष अरबी समुद्राकडे गेलें. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालीं स्थापन झाली, आणि दोना पावलाच्या टेंकडीवरून तिच्या शास्त्रज्ञांनीं या प्राणवायुहीन थराचें मोजमाप पुष्कळ वर्षें चालविलेलें होतें. १९८२ सालींच नक्वी व त्यांचे सहकारी यांनीं येथून किती नत्र हवेंत परत जातो याचा अंदाज बांधला होता. नवा जंतु सांपडल्यावर युरोपांतील पुष्कळांचें मत असें झालें कीं जगांतील सर्व प्राणवायुहीन समुद्रांत परतफेड मुख्यतः हाच करतो. २००९ सालीं प्रिन्स्टनच्या बेस वॉर्ड यांनीं गोव्याच्या संस्थेंतील हेमा नाईक व अनिल प्रतिहारी यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या शोधांत निराळाच निष्कर्ष निघाला. अरबी समुद्राच्या मोजलेल्या ठिकाणीं परतफेडीचा ८७ ते ९९ टक्के वांटा जुन्या, कर्ब खाणाऱ्या जंतूंचाच होता. दोन वर्षांनीं ओमानच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या तुकडीला मात्र नवा जंतु जोरांत आढळला. एकाच समुद्रांत कोठें एकाची सत्ता, कोठें दुसऱ्याची. नवें सांपडलें कीं जुनें बाद, ही घाई समुद्रानें मानली नाहीं.

कांजूरच्या चिखलाशीं अधिक जवळचें नातें गोव्याच्या खाजणांतील चिखलाचें आहे. तेथें तुये आणि दिवाडी येथील तिवरांच्या मुळांशीं असलेल्या गाळाची तपासणी गोव्याच्या आणि फ्रान्समधील संशोधकांनीं मिळून केली. ती २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. त्या गाळांतहि जुन्याच जंतूंचें वर्चस्व दिसलें आणि नव्याचा वांटा थोडा ठरला. याचें कारण समजण्यासारखें आहे. तिवरांची पानें गळून चिखलांत कर्बाचें अन्न मुबलक असतें. जेथें अन्न मुबलक तेथें झटपट वाढणारे बलिष्ठ, आणि अकरा दिवसांनीं दुप्पट होणारा मागें पडतो. या संथ जंतूचें राज्य जेथें अन्न संपलें आहे, अमोनिया मात्र भरपूर उरला आहे, आणि घाई करणारा कोणी नाहीं अशाच ठिकाणीं असतें.

नेमकें असें ठिकाण म्हणजे कचऱ्याच्या जुन्या ढिगाचा पाझर. यांत कल्पनेचा भाग नाहीं. १९९० च्या दशकांत जर्मनींतील मेखर्निख आणि स्वित्झर्लंडमधील कोलिकेन येथील कचऱ्याच्या पाझरावर चालणाऱ्या केंद्रांत अमोनिया कोणी न सांगतां नाहींसा होऊं लागला होता. इंग्लंडांत पिट्सी येथें अशाच पाझरांत या कुळांतील दोन नवे जंतु सांपडले. त्यांपैकीं एकाला ब्रोडा यांचेंच नांव दिलें आहे. कागदावर ज्यांनीं हा जीव कल्पिला, त्यांचें नांव शेवटीं शहराच्या केराला चिकटावें यांत कांहीं अपमान नाहीं.

तेथें कोणी विरजण घातलें नव्हतें. मुद्दाम घालून चालविलेली पहिली मोठी टांकी २००२ सालीं रॉटरडॅमच्या डोकहाव्हन केंद्राच्या गाळाच्या पाण्यासाठीं सुरू झाली. टांकी ७० घनमीटरांची. पण ती पूर्ण चालूं होण्यास साडेतीन वर्षें लागलीं, कारण तेवढें विरजण जगांत कोठेंच नव्हतें. पुढच्या केंद्रांना तेथूनच लाल, कणीदार गाळ नेतां आला आणि त्यांचें काम पुष्कळ लौकर मार्गीं लागलें. या रीतींत निम्म्या अमोनियालाच हवा द्यावी लागते, तीहि नायट्राइट होण्यापुरती. म्हणून हवेचा खर्च जुन्या वाटेच्या निम्म्याहून कमी येतो आणि वरून अन्न तर मुळींच घालावें लागत नाहीं. मात्र ही जादू नव्हे. खाल्लेल्या नत्राचा सुमारें दहावा भाग हा जंतु नायट्रेटच्या रूपानें मागें ठेवतो. नायट्राइट फार झालें कीं तो स्वतःच गुदमरतो. आणि एकदां मेला कीं पुन्हां जमा होण्यास महिने घेतो. थंडीचाहि त्याला मोठा जाच. तीस-पस्तीस अंशांची ऊब त्याला मानवते, आणि युरोपांतील हिंवाळ्यांत शहराच्या साध्या मैलापाण्यावर त्याला कामास लावणें अजून कठीणच जातें.

मुंबईच्या मैलापाण्यासाठीं सात नव्या केंद्रांचा पाया २०२३ च्या जानेवारींत घालण्यांत आला. त्यांपैकीं घाटकोपरचें केंद्र दिवसाला ३३७ दशलक्ष लिटरांचें आणि भांडुपचें २१५ दशलक्ष लिटरांचें योजलें आहे. तीं दोन्ही ठाण्याच्या खाडीच्या बाजूचीं, आणि कांजूर त्यांच्या मध्यें. अशा केंद्रांत जेथें जेथें गाळ बंद टांकींत कुजवितात तेथें तेथें माटुंग्याच्या हौदांतल्यासारखेंच अमोनियानें भरलेलें पाणी मागें राहतें, आणि ज्या उबेसाठीं रॉटरडॅमला हिंवाळ्याशीं झुंजावें लागतें ती येथें बाराहि महिने असते. कांजूरच्या ढिगाखालचें काळें पाणीहि उबदारच. मात्र त्याच्या ढिगावर फिरणाऱ्या वाटेंत थोडी हवा देणारी एखादी पायरी जोंवर घातली जात नाहीं, तोंवर नायट्राइट होत नाहीं. नायट्राइट नाहीं म्हणून या जंतूला जोडीदार मिळत नाहीं. आणि ट्रॉम्ब्याहून निघालेला नत्र, शेत, बाजार आणि चूल असा प्रवास करून, खाडीपासून हाकेच्या अंतरावर अमोनियाच्याच रूपांत थांबून राहतो.